टॅब्लेट संगणक, वर्गाध्यापनातील

बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या, पाटीएवढ्या सपाट संगणकाचा व त्यावरील ॲपचा शालेय वर्गात शिकविण्यासाठी, सराव करून घेण्यासाठी व मूल्यमापनासाठी केला जाणारा उपयोग. टॅब्लेट या शब्दाचा एक जुना अर्थ लिहिण्याची पाटी असाच आहे. मराठी शाळांत ‘टॅब’ हे त्याचे संक्षिप्त रूप रूढ झाले आहे. ॲप म्हणजे एका ठराविक कामासाठी तयार केलेली आज्ञावली : कोणी पाढ्यांचा सराव घेते, कोणी वाचन ऐकते, कोणी पाठ्यपुस्तकातील पाठाचा चलत्पट दाखविते. बहुतेक ॲप टॅबवर व स्मार्टफोनवर सारखीच चालत असल्याने शैक्षणिक दृष्ट्या या दोन साधनांत पडद्याच्या आकारापलीकडे फारसा भेद उरत नाही; म्हणून प्रस्तुत नोंदीत दोहोंचा विचार एकत्र केला आहे. महाराष्ट्रातील या प्रयोगांपैकी सर्वांत बोलका प्रयोग सोलापूर जिल्ह्यात झाल्यामुळे त्याला येथे अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी व नंतरची दगडी पाटी यांचा मुख्य गुण हा, की लिहिलेले पुसता येते आणि चूक मागे राहत नाही. मुलाच्या हातात मावणाऱ्या संगणकाची कल्पना अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ च्या एका निबंधात मांडली आणि अशा यंत्राला ‘डायनाबुक’ असे नाव दिले. त्या वेळी असे यंत्र तयार करण्याचे तंत्र उपलब्ध नव्हते. पुढे २०१० मध्ये ॲपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला आणि टॅब ही घरोघरी ओळखीची वस्तू झाली. भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र शासनाने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला; त्याचा गाजावाजा मोठा झाला, पण मंद गती, अल्पजीवी विद्युत् घट व रखडलेला पुरवठा यांमुळे तो मागे पडला. तत्पूर्वी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील हिरव्या-पांढऱ्या लहान संगणकांचा प्रयोग झाला होता. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके साठविलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागील घोषित हेतू होता. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा या आदिवासी वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेने लोकवर्गणीतून टॅब मिळवून अध्यापन चालविले व तिचे अनुकरण इतरत्र झाले. या सर्व प्रयत्नांत एक गृहीत समान होते, ते म्हणजे यंत्र शाळेने किंवा शासनाने पुरवावयाचे. सोलापूरच्या प्रयोगाने नेमके हे गृहीत बाजूला ठेवले.

परितेवाडीचा प्रयोग : परितेवाडी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील लहान गाव. येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली असून तिच्या एका बाजूस गुरांचा गोठा होता. मुलांची, विशेषतः मुलींची, उपस्थिती अनियमित होती. डिसले यांनी पाठांवर आधारित ध्वनिमुद्रणे, चलत्पट, गोष्टी व स्वाध्याय तयार केले. हे साहित्य मुलांपर्यंत पोहोचवावयाचे कसे, हा खरा प्रश्न होता. संगणकाच्या पडद्यावर ते दाखविले, तर तास संपला की संपले. पालकांच्या फोनमध्ये भरून दिले, तर कोणता चलत्पट कोणत्या पाठाचा, हे घरी कोणाला कळणार? त्यांनी यावर योजलेला उपाय म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या पानावरच क्यूआर कोड डकविणे. पुस्तक उघडावे, फोनचा कॅमेरा त्या चौकोनावर धरावा, म्हणजे त्याच पाठाची कविता ऐकू येते किंवा त्याच पाठाचे प्रश्न समोर येतात.

या युक्तीचे महत्त्व समजण्यासाठी क्यूआर कोडची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. जपानमधील डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी तो तयार केला. किराणा मालावरील उभ्या रेघांच्या संकेतात माहिती एकाच दिशेने मांडलेली असते. क्यूआर कोडमध्ये ती काळ्या-पांढऱ्या घरांच्या जाळीत आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी भरलेली असते, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ अधिक माहिती मावते. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला जाळीची दिशा कळते. साहजिकच पुस्तक उलटे धरले, तरी संकेत वाचला जातो. मूळ माहितीबरोबर काही जादा गणिती माहितीही जाळीत पेरलेली असते. तिच्या आधारे पुसलेला भाग परत जुळविता येतो. सर्वांत वरच्या पातळीच्या संकेतात सु. ३०% भाग खराब झाला, तरी तो चालतो. कारखान्यातील तेलकट हातांसाठी केलेली ही तरतूद शाळकरी पुस्तकालाही उपयोगी पडली : शाईचा डाग पडलेले, कोपरा दुमडलेले पान निरुपयोगी होत नाही. आणखी असे, की संकेत छापण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

या मांडणीत पुस्तक हे केंद्रस्थानी राहते व यंत्र त्याला जोडले जाते. मूल कोणता पाठ शिकत आहे, हे यंत्र ठरवीत नाही. ते शिक्षक व पुस्तक ठरवितात. शिवाय यंत्र कोणाचे, हा प्रश्न गौण होतो. वर्गातील एकुलता टॅब, शिक्षकाचा फोन, शेतावरून संध्याकाळी परतलेल्या वडिलांचा फोन, यांपैकी कोणतेही चालते. टॅबवाटपाच्या योजना निविदा, खरेदी व दुरुस्ती यांत अडकत असताना हा मार्ग एका खेड्यातून निघाला, ही गोष्ट शिक्षणप्रशासनाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. यांखेरीज परितेवाडीच्या मुलांनी दूरदृश्य संपर्काद्वारे अन्य देशांतील वर्गांशी संवाद साधला आणि संघर्षग्रस्त देशांतील मुलांना एकमेकांशी जोडण्याचा उपक्रमही तेथून चालविला गेला.

वार्की प्रतिष्ठानचे जागतिक शिक्षक पारितोषिक (१० लक्ष डॉलर) ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जाहीर झाले. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांत या औदार्याची चर्चा अधिक झाली. प्रत्यक्ष पद्धतीची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

प्रसार : शासनाने ही कल्पना उचलली. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याचा निर्णय २०१७ मध्ये जाहीर झाला. राज्यातील पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था (स्थापना १९६७) मराठीखेरीज उर्दू, कन्नड, तेलुगू इ. माध्यमांची पुस्तकेही काढते, आणि सोलापूरसारख्या शहरात ही सर्व माध्यमे शेजारी शेजारी नांदतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू झाले व पुस्तकांतील संकेत त्याला जोडले गेले. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतही तीच पद्धत आली. या संकेतांच्या खाली सहा अक्षरांची एक खूणही छापलेली असते. कॅमेरा बिघडला असेल, तर ती टंकलिखित करून तोच पाठ उघडता येतो. एकदा उतरवून घेतलेले साहित्य नंतर जोडणीशिवाय पाहता येते व एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर देताही येते. ज्या वस्तीवर आंतरजालाची जोडणी टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही, तेथे ही सोय मुख्य पाठाइतकीच मोलाची आहे.

प्रसाराबरोबर गुणवत्तेचा प्रश्न आला. एका शिक्षकाने आपल्या वर्गातील मुले डोळ्यांसमोर ठेवून केलेला चलत्पट आणि सर्व राज्यासाठी केलेला चलत्पट यांत फरक पडणारच. पुष्कळ साहित्य हे फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचे छायाचित्रण एवढेच असते. त्यात मुलाने काही करावयाचे नसते, फक्त पाहावयाचे असते, आणि जे वर्गात कंटाळवाणे वाटते ते पडद्यावर अधिकच कंटाळवाणे होते.

ॲपचे कार्य : शैक्षणिक ॲपची संख्या फार मोठी असली, तरी वर्गातील कामाच्या दृष्टीने त्यांचे काही मोजके प्रकार संभवतात. संदर्भ-साहित्य दाखविणाऱ्या ॲपचा उल्लेख वर आला आहे. त्यांहून उपयुक्त ठरली ती सराव-ॲप. यांपैकी चांगली ॲप मुलाच्या प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतात आणि पुढील प्रश्न त्यानुसार निवडतात. उदा., हातच्याची वजाबाकी करताना एखादा विद्यार्थी प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत असेल, मग तो वर असो की खाली, तर ती चूक निष्काळजीपणाची नसून समजुतीची आहे, हे तिच्या पुनरावृत्तीवरून ओळखता येते. चाळीस वह्या तपासणाऱ्या शिक्षकालाही ही चूक दिसतेच, पण दुसऱ्या दिवशी. ॲपला ती तत्काळ दिसते.

वाचनाच्या ॲपमध्ये मूल मोठ्याने वाचते व यंत्र ऐकते. गूगल कंपनीने मार्च २०१९ मध्ये हिंदी-इंग्रजीसाठी काढलेल्या अशा ॲपमध्ये नंतर मराठीचीही भर पडली. मूल अडखळले, की यंत्र तो शब्द उच्चारून दाखविते, आणि हे काम जोडणीशिवाय चालते. येथे एक अडचण नोंदविणे आवश्यक आहे. यंत्राचा कान ज्या उच्चारांवर तयार झालेला असतो, ते बहुधा प्रमाण मराठीचे असतात. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे विणकरांचे मूल किंवा अक्कलकोटकडील कन्नड बोलणारे मूल मराठी वाचते तेव्हा त्याचे स्वर व आघात निराळे पडतात. यंत्राने अशा उच्चाराला चूक ठरविले, तर वाचता येणाऱ्या मुलाला वाचता येत नाही असे सांगितल्यासारखे होते. शिक्षकाला हा भेद कळतो. म्हणून अशा ॲपच्या गुणांकनावरून मुलाची श्रेणी ठरवू नये.

मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्लिकर्स’ या ॲपचा विशेष उल्लेख करावा लागेल, कारण त्यात वर्गभर एकच यंत्र पुरते. प्रत्येक मुलाजवळ जाड कागदावर छापलेले एक चौकोनी पत्र असते. त्यावरील आकृती प्रत्येकाची वेगळी असते. उत्तर अ, ब, क, ड यांपैकी जे वाटेल, ती बाजू वर करून मूल पत्र उंच धरते. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवितो आणि कोणी काय उत्तर दिले ते त्याच्या पडद्यावर उमटते. शेजाऱ्याच्या पत्रावरून त्याचे उत्तर सहज कळत नसल्याने नक्कल होत नाही आणि ज्याला बोलावयास संकोच वाटतो, त्याचेही उत्तर गणले जाते. ज्या शाळेत टॅब नाहीत, तेथेही ही पद्धत चालते.

द्विशिक्षकी शाळा : टॅबच्या उपयोगाविषयी होणारी चर्चा बहुधा एक वर्ग, एक शिक्षक असे चित्र गृहीत धरते. महाराष्ट्रातील पुष्कळ प्राथमिक शाळांत पहिली ते चौथीचे चार वर्ग व दोन शिक्षक असतात. तिसरीला गुणाकार शिकविला जात असताना त्याच खोलीत चौथीची मुले ‘पाठ वाचत बसा’ या आज्ञेवर बसलेली असतात. शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की चारही वर्ग एकाकडे येतात. या रिकाम्या बसण्याचे तास वर्षाकाठी किती होतात, हे कोणत्याही दैनंदिनीत लिहिले जात नाही. टॅबची खरी जागा येथे आहे. चार-पाच मुलांच्या गटाला एक टॅब, त्यावर नेमलेला अर्ध्या तासाचा सराव, व नंतर शिक्षकाने त्या गटाकडे वळून केलेली विचारपूस, अशी मांडणी केल्यास यंत्र शिक्षकाचा वेळ हिरावून घेत नाही. मुलांच्या वाट पाहण्याचा वेळ ते भरून काढते. गटातील एकच धीट मूल सर्व वेळ बोट चालवीत राहते, हा या मांडणीचा नेहमीचा दोष. पाळी ठरवून देणे हा त्यावरील जुनाच उपाय होय.

संशोधनाचे निष्कर्ष : या विषयावरील पाहण्या परस्परविरोधी भासतात, पण बारकाईने पाहता तशा त्या नाहीत. पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीत (२०१२) मुलांना संगणक मिळूनही गणित व भाषा यांच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. यंत्रे दिली गेली होती, अध्यापनाची पद्धत मात्र जुनीच राहिली होती. याउलट बडोद्यातील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या कार्यक्रमात चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक अशा रीतीने गणिताचे खेळ खेळली, तेव्हा त्यांचे गणित स्पष्टपणे सुधारले (२००७). तथापि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातील बराच लाभ ओसरला. सर्वांत उद्बोधक पाहणी ली लिंडन यांनी गुजरातेतील ‘ज्ञानशाला’च्या वर्गांत केली. तेथे तोच कार्यक्रम शाळा सुटल्यावर जादा म्हणून राबविला, तेव्हा मुलांना लाभ झाला. शिक्षकाच्या नेहमीच्या तासाऐवजी राबविला, तेव्हा मुले उलट मागे पडली. ज्ञानशालेतील नेहमीचे अध्यापन चांगले होते, हे त्याचे कारण. यंत्राचा परिणाम मोजताना त्याने कशाची जागा घेतली, हे आधी विचारले पाहिजे. चांगल्या तासाची जागा घेतली तर नुकसान, रिकाम्या बसण्याची घेतली तर लाभ. वर उल्लेखिलेल्या द्विशिक्षकी शाळेला हा निष्कर्ष थेट लागू पडतो.

दिल्लीतील एका प्रयोगात (अहवाल २०१९) शाळेबाहेरील केंद्रांत रोज ४५ मिनिटे ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय सरावाला व ४५ मिनिटे लहान गटातील शिकवणीला दिली गेली. साडेचार महिन्यांत गणितात ०·३७ व हिंदीत ०·२३ प्रमाण विचलनाइतकी वाढ आढळली. त्याच अभ्यासात असे दिसले, की सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सु. अडीच इयत्ता मागे आहे. सहावीच्या पुस्तकावरून शिकविणारा वर्ग अशा मुलाला काहीच देऊ शकत नाही. सराव-ॲप त्याला मुकाट्याने तिसरी-चौथीच्या गणितापाशी नेते, चारचौघांत लाजवीत नाही. पुसून टाकता येणाऱ्या पाटीचा जुना गुण येथे पुन्हा भेटतो.

मर्यादा व आक्षेप : मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेद्वारे रोजचे दुवे पालकांच्या फोनवर पाठविले. परितेवाडीचे तत्त्व, म्हणजे घरचा फोन हेच शाळेचे यंत्र, त्या काळात सर्व राज्यभर कसोटीला लागले व त्याची मर्यादा उघड झाली. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६·५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७·६ टक्क्यांवर गेले. परंतु फोन असलेल्या घरांतीलही सु. २६% मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जातो. तो घरी राहिला, तर आधी थोरल्या मुलाच्या हाती जातो. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गाव सोडून जाणाऱ्या मुलांचा तर पुस्तकाशीच संबंध तुटतो, मग त्यातील संकेताचा कोठून राहणार? म्हणून घरच्या फोनवर भिस्त ठेवणाऱ्या शाळेनेही वर्गात दोन-चार टॅब ठेवणे अगत्याचे आहे : ज्यांना घरी यंत्र मिळत नाही, त्यांची पाळी शाळेत आधी.

मुलांची माहिती हा दुसरा गंभीर प्रश्न. सरावाची नोंद ठेवणारे ॲप मुलाविषयी पुष्कळ काही जाणते, आणि ते कोणाच्या हाती पडेल याची शाश्वती नसते. शिक्षक व विद्यार्थी यांच्याविषयीची दीक्षावरील माहिती असुरक्षित रीतीने साठविली गेल्याचे २०२३ च्या आरंभी उघडकीस आले. त्याच वर्षी संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली असून, मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई केली आहे. शैक्षणिक संस्थांना काही सवलती ठेवल्या आहेत. विनामूल्य ॲपमधील जाहिराती ही शिक्षकाला रोज भेडसावणारी बाब होय. गुणाकाराच्या मध्येच उगवणारी जाहिरात मुले गुणाकारापेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहतात.

यूनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञानाच्या सरसकट वापराबाबत सावधगिरीचा इशारा दिला आणि स्वीडनने त्याच वर्षी छापील पुस्तकांकडे पुन्हा वळण्याचे धोरण जाहीर केले. स्वीडनमधील प्रश्न यंत्रांच्या अतिरेकाचा आहे, माढ्यातील त्यांच्या तुटवड्याचा. दोन्हीकडे छापील पुस्तक टिकले पाहिजे, हे मात्र समान.

देखभाल : टॅब लोकवर्गणीतून येतो तेव्हा गावात समारंभ होतो, त्याचा घट दोन-तीन वर्षांत फुगतो किंवा धरेनासा होतो, तेव्हा दुरुस्तीसाठी कोणते शीर्ष लावावयाचे, हे मुख्याध्यापकाला उमगत नाही. कार्यप्रणाली जुनी झाली, की नवी ॲप तिच्यावर चालत नाहीत. वीज दिवसभर राहीलच असे नाही, म्हणून घट भरण्याचे काम रात्री करावे लागते, आणि रात्री टॅब कोणाच्या घरी ठेवावयाचे, हे शाळा व्यवस्थापन समितीत ठरवून घ्यावे लागते. कपाटात कुलुपात ठेवलेले टॅब सुरक्षित राहतात, पण मुलांना मिळत नाहीत.

क्यूआर कोडचीही देखभाल लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. छापलेला चौकोन स्वतः पाठ नव्हे. तो दूरच्या साठ्यातील पाठाचा पत्ता आहे. पाठ्यपुस्तक बदलले किंवा साठ्याची मांडणी बदलली, की जुन्या पुस्तकातील पत्ता निराधार होऊ शकतो. थोरल्या भावाचे पुस्तक धाकटी बहीण वापरते, त्या घरात पान शाबूत असूनही संकेत उघडत नाही. असे मृत संकेत शोधून दुरुस्त करण्याचे काम शिक्षकाकडे नसून पुस्तक काढणाऱ्या व साठा सांभाळणाऱ्या यंत्रणांकडे आहे. पाठ उघडला नाही, तर शिक्षकाने तो फळ्यावर घ्यावा, आणि कोणत्या पानावरील संकेत बंद आहे ते केंद्रप्रमुखाकडे लेखी कळवावे.